गाडीत बसण्यास नाखूश असलेल्या कुत्र्याला प्रवासाची सवय कशी लावावी?

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीत एप्रिल महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात तो अनेकदा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाऊन ठेपतो. शाळांना सुट्ट्या लागतात आणि येथील मराठी कुटुंबांना नागपूर, अमरावती, पुण्याचे वेध लागतात. बॅगा गाडीत चढतात, पाण्याचे कॅन चढतात, वाटेतल्या फराळाचे डबेही चढतात. मात्र अनेक घरांत शेवटच्या क्षणी सारे फाटकापाशी अडते. घरचा कुत्रा चारही पाय जमिनीत रोवून उभा राहतो आणि गाडीचे दार उघडताच मान फिरवून घराकडे धाव घेतो. मग ओढाताण होते, आरडाओरडा होतो आणि अखेर त्याला कोंबून तरी नेले जाते किंवा शेजाऱ्यांच्या भरवशावर मागे ठेवले जाते.

नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगडवर आली, तेव्हापासून या प्रदेशाचे मराठी माणसाशी नाते आहे. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ हे त्या नात्याचे आजचे ठळक ठिकाण. रायपूरहून नागपूर सुमारे पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर अंतरावर आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ (पूर्वीचा क्रमांक ६) दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा जातो. रेल्वेने कुत्रा नेता येतो, पण नियम कडक आहेत. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात स्वतंत्र कूपे अथवा संपूर्ण कक्ष आपल्याकडे असेल तरच तो सोबत राहू शकतो; शयनयान, तृतीय किंवा द्वितीय वातानुकूलित श्रेणीत त्याला परवानगी नाही. दुसरा पर्याय गार्डच्या डब्यातील लोखंडी पेटीचा. उन्हाळ्यात त्या पेटीत कुत्रा पाठविण्यास कोणाचेही मन धजावणार नाही. त्यामुळे बहुतेकांसाठी स्वतःची किंवा भाड्याची मोटार हाच मार्ग उरतो.

प्रश्न केवळ सुट्टीचाही नाही. जो कुत्रा गाडीत चढत नाही, त्याची रेबीजची वार्षिक लस पुढे ढकलली जाते. पावसाळ्यात अंगणात साप चावला किंवा भर दुपारी उष्माघात झाला, तर दवाखाना गाठण्यासाठी हाताशी थोडीच मिनिटे असतात. त्या वेळी गाडीभोवती कुत्र्याचा पाठलाग करीत बसणे परवडणारे नाही. म्हणूनच गाडीत बसण्याची सवय ही हौसेची बाब न मानता, लसीकरणाइतकीच आवश्यक मानावयास हवी.

नकाराचे कारण आधी शोधा

कुत्रा गाडीत बसत नाही, याचा अर्थ तो हट्टी आहे असा बहुधा काढला जातो. हा निष्कर्ष घाईचा आहे. नकारामागे साधारणपणे तीन कारणे आढळतात : भीती, मळमळ आणि दुखणे. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यास अडचण वाढते.

दुखण्याचा विचार सर्वांत आधी करावा, कारण तोच सर्वांत जास्त वेळा राहून जातो. काल-परवापर्यंत उडी मारून मागच्या आसनावर बसणारा कुत्रा अचानक बिचकू लागला, पुढचे पाय आसनावर ठेवून तसाच थांबू लागला, तर त्याच्या खुब्याची, गुडघ्याची किंवा पाठीच्या कण्याची तपासणी करून घ्यावी. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड या आपल्याकडील लोकप्रिय जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो आणि उतारवयात संधिवात बळावतो. अशा कुत्र्याला खाऊचे आमिष दाखवून उडी मारावयास लावणे म्हणजे वेदनेसाठी बक्षीस देण्यासारखे आहे. त्याच्यासाठी मजबूत पाट, पायरी किंवा फळीची उतरंड करावी आणि तिच्यावर काथ्याची किंवा रबराची चटई घट्ट बसवावी. गुळगुळीत फळीवरून एकदा जरी पाय घसरला, तरी तो पुन्हा तिच्यावर चढण्याची शक्यता कमी. उचलावयाचे झाल्यास एक हात छातीखालून आणि दुसरा मागच्या मांड्यांमागून घालावा. पुढचे दोन पाय धरून वर ओढण्याची आपल्याकडची पद्धत खांद्यांना इजा करणारी आहे.

मळमळ हे दुसरे कारण. लहान पिल्लांमध्ये ती अधिक दिसते. शरीराचा तोल सांभाळणारी आतल्या कानातील यंत्रणा पूर्ण विकसित झालेली नसणे हे तिचे एक कारण मानले जाते. पुष्कळ कुत्री वयाच्या पहिल्या वर्षाच्या सुमारास या त्रासातून बाहेर पडतात. मात्र तोवर गाडी आणि ओकारी यांची सांगड त्यांच्या मनात पक्की झालेली असते. त्यामुळे पोट सुधारले तरी मन सुधारत नाही. उलटी होण्याआधी कुत्रा वारंवार ओठ चाटतो, जांभया देतो, लाळ गाळतो, गप्प होऊन मान खाली घालतो. यातली बरीच लक्षणे भीतीचीही आहेत, हीच खरी अडचण. ओळखण्याची साधी खूण अशी, की उभ्या, बंद गाडीत कुत्रा शांत राहत असेल आणि गाडी चालू लागल्यावरच लाळ गाळत असेल, तर मळमळीचा संशय घ्यावा. गाडी दिसताच तो थरथरू लागला, तर ती भीती समजावी.

भीतीचे मूळ शोधणेही पुष्कळदा अवघड नसते. अनेक कुत्र्यांच्या आयुष्यातील गाडीचा प्रवास एकाच ठिकाणी संपतो : पोलादी टेबल, औषधांचा वास आणि सुई. काहींचा पहिला प्रवास आईपासून ताटातूट झाल्याच्या दिवशी झालेला असतो. रस्त्यावरून घरी आणलेल्या देशी कुत्र्याने तर मोटार हे नेहमी अंगावर येणारे संकट म्हणूनच पाहिलेले असते. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पिल्लांच्या वाढीतील एका संवेदनशील कालखंडाचे वर्णन आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्या गोष्टी सहजपणे अनुभवते, त्यांची त्याला पुढे भीती वाटत नाही. हा काळ ज्यांच्या बाबतीत हुकला, त्यांना शिकविता येतेच. फक्त वेळ अधिक लागतो.

भारतीय मोटारींबाबत आणखी काही गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. डॅशबोर्डवर ठेवलेली सुगंधी जेलची डबी आपल्याला जेमतेम जाणवते, पण कुत्र्याच्या नाकाला तो भडिमार असतो. उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा दर्प त्यात मिसळतो. रात्री गाडीखाली झोपणारी गल्लीतली कुत्री चाकांवर आपली खूण ठेवून जातात, त्यामुळे घरच्या कुत्र्याच्या दृष्टीने ती गाडी परक्याच्या हद्दीत उभी असू शकते. मागे घेताना वाजणारी गाण्याची धून आणि कुलूप लागतानाचा कर्कश आवाज यांचीही काही कुत्र्यांना धास्ती बसते. सरावाच्या काळात सुगंधाची डबी काढून टाकणे, चाके धुणे आणि धून बंद करून घेणे यात फारसा खर्च नाही.

शास्त्र काय सांगते?

भीती घालविण्याची जी पद्धत आज श्वानप्रशिक्षक वापरतात, तिची मुळे माणसांवर आणि मांजरांवर केलेल्या प्रयोगांत आहेत. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ महिलेने पीटर नावाच्या, तीन वर्षांहूनही लहान मुलाची सशाची भीती घालविली. मूल आवडीचे खाद्य खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवावयाचा आणि दिवसेंदिवस तो थोडा थोडा जवळ आणावयाचा, एवढीच ती युक्ती. पुढे दक्षिण आफ्रिकेत जोसेफ वोल्पे यांनी विजेच्या धक्क्यांमुळे एका खोलीला घाबरलेल्या मांजरांना आधी त्या खोलीशी थोडेसेच साम्य असलेल्या जागेत खाऊ घातले, मग अधिक साम्य असलेल्या जागेत आणि शेवटी मूळ खोलीत. १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी यावर आधारलेली उपचारपद्धती मांडली. भीतीची मात्रा इतकी कमी ठेवावयाची, की खाण्याचा आनंद तिच्यावर मात करील, हे तिचे सूत्र.

कुत्र्याला उचलून गाडीत टाकले आणि दार लावले, की तो थोड्या वेळाने गप्प बसतो. मालकाला वाटते, सवय झाली. येथे १९६७ सालच्या एका प्रयोगाची आठवण ठेवावी. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दाखवून दिले, की ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के टाळण्याचा कोणताही मार्ग नव्हता, त्यांपैकी बहुतेकांनी पुढे मार्ग खुला असतानाही पळण्याचा प्रयत्न केला नाही. ती पडून राहिली. (याच दोघांनी २०१६ मध्ये आपल्या जुन्या मांडणीत दुरुस्ती केली : निष्क्रियता शिकली जात नाही, ती मूळचीच प्रतिक्रिया असते, परिस्थिती आपल्या हातात आहे, हे मात्र शिकावे लागते.) गाडीत निपचित पडलेला कुत्रा शांत आहे की हताश, याची परीक्षा खाऊ देऊन होते. शांत कुत्रा खातो. हताश कुत्र्याला उकडलेल्या कोंबडीकडेही पाहावेसे वाटत नाही.

सराव कसा करावा?

सरावासाठी रायपुरात उन्हाळ्यात सकाळी सातच्या आतली किंवा सूर्यास्तानंतरची वेळ निवडावी. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा, पट्ट्याचा धातूचा खटका आणि खालचे डांबर या तिन्ही गोष्टी चटका देतात आणि एका चटक्याने आठवड्याची मेहनत वाया जाते. तळहाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्या जमिनीवर कुत्र्याला उभे करू नये.

प्रारंभी गाडी सावलीत, इंजिन बंद ठेवून उभी करावी. कुत्र्याला सैल पट्ट्याने तिच्या दिशेने न्यावे आणि तो जेथे पहिल्यांदा रेंगाळतो तेथेच थांबावे. ते अंतर दहा पावले असेल किंवा तीस. तेथे त्याला उकडलेल्या कोंबडीचे, अंड्याचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे द्यावेत. चॉकलेट आणि मनुका कुत्र्यांना विषारी ठरतात. चिवडा-शेव यांतले तिखट-मीठही टाळावे. पाच मिनिटांनी परत फिरावे. दुसऱ्या दिवशी एखादे पाऊल पुढे. अनेक घरांत संध्याकाळचे जेवणाचे भांडेच गाडीजवळ ठेवून हे काम अधिक सहज होते, कारण भांडे रोज वीतभर सरकले तर कुत्र्याच्या ते ध्यानातही येत नाही.

गाडीला खेटून खाऊ लागल्यावर दार उघडावे. येथे एक उपाय फार उपयोगी पडतो : मागची दोन्ही दारे सताड उघडी ठेवावीत. एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येते, हे दिसले की गाडी ही गुहा न राहता वाट होते. आसनावर कुत्र्याची रोजची सतरंजी किंवा गोधडी घालावी. ती मुद्दाम धुवू नये, तिचा वासच कामाचा आहे. आसन आणि पुढची खुर्ची यांच्यामधल्या खळग्यात पाय जाईल, ही भीती अनेक कुत्र्यांना असते. तो खळगा जुन्या उशा किंवा घट्ट गुंडाळलेल्या चादरीने भरून काढावा. एक जण पलीकडच्या दारापाशी खाऊ घेऊन बसला आणि कुत्र्याने पुढचे दोन पाय वर ठेवले, तरी तेवढ्यावर बक्षीस द्यावे. मागचे पाय वर येण्यास आणखी दोन दिवस लागले तर लागू द्यावेत. ढुंगणाला हात लावून ढकलण्याचा मोह या टप्प्यावर सर्वांत प्रबळ असतो आणि तो नेमका येथेच आवरावयाचा असतो.

आज्ञेच्या शब्दाबाबत एक बारकावा. मराठी घरांत कुत्र्याला खाली बसविण्यासाठी ‘बस’ म्हणतात आणि गाडीत बोलावतानाही ‘बस, बस’ असाच धोशा लावतात. कुत्रा बिचारा आज्ञा पाळून रस्त्यावरच बसतो आणि बोलणी खातो. गाडीसाठी ‘चढ’ किंवा ‘वर’ असा वेगळा शब्द ठरवावा आणि तो घरातल्या सर्वांनी वापरावा. एकाने चुचकारावयाचे, दुसऱ्याने पट्टा ओढावयाचा आणि मुलांनी टाळ्या पिटावयाच्या, अशा गोंधळात कोणतेही जनावर शिकत नाही.

कुत्रा आपण होऊन आत येऊन बसू लागला, की एक दार लावावे आणि लगेच उघडावे. मग दोन्ही. कुटुंबातील एकाने त्याच्याशेजारी बसून वाचन करावे, गप्पा माराव्यात, काहीही घडू देऊ नये. त्यानंतर इंजिन सुरू करून बंद करावे. मग गाडी फाटकापर्यंत, मग कॉलनीला एक फेरी. नवा रायपूरचे रुंद आणि तुलनेने मोकळे रस्ते या फेऱ्यांसाठी सोयीचे आहेत. शहरातील गर्दीच्या रस्त्यांवरील हॉर्न आणि धक्के सुरुवातीला नकोतच. पहिल्या फेऱ्यांचा शेवट कुत्र्याला आवडणाऱ्या जागी व्हावा : एखादे मैदान, तळ्याकाठचा रस्ता, ओळखीच्यांचे अंगण. दवाखान्यातही केव्हातरी निव्वळ खाऊ खाण्यासाठी जाऊन यावे. बहुतेक पशुवैद्यक याला हरकत घेत नाहीत. शांत कुत्रा त्यांनाही हवाच असतो.

कोणत्याही टप्प्यावर कुत्र्याने खाऊ नाकारला, की एक पायरी मागे यावे. हा सारा क्रम काही कुत्री आठवड्यात पार करतात, तर काहींना तीन-चार महिने लागतात. मे महिन्याच्या प्रवासाची तयारी म्हणूनच संक्रांतीच्या सुमारास सुरू करणे शहाणपणाचे. घाबरलेल्या कुत्र्याला गोंजारल्याने त्याची भीती वाढते, अशी एक समजूत आहे. तिला आधार नाही. त्याला जवळ यावेसे वाटले तर खुशाल जवळ घ्यावे.

औषधे आणि सुवास

प्रवासातील उलटीसाठी माणसांच्या गोळ्या अर्धी-पाव करून देण्याची पद्धत सर्रास आढळते. ती घातक ठरू शकते. मात्रा वजनानुसार आणि पशुवैद्यकानेच ठरवावी. मॅरोपिटंट हे औषध याच कामासाठी असून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २००७ मध्ये मान्यता दिली. पूर्वी प्रवासासाठी ॲसिप्रोमॅझिन देण्याचा प्रघात होता. ते शरीर सुस्त करते, भीती मात्र कमी करीत नाही; त्यामुळे आता केवळ त्याच्यावर विसंबण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही. बेलफास्ट येथील डेबोरा वेल्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३२ कुत्र्यांच्या पाहणीत, गाडीत लॅव्हेंडरचा वास असताना कुत्री अधिक वेळ बसून वा पहुडून राहिल्याचे आढळले. मात्र ती कुत्री प्रवासात अतिउत्तेजित होणारी होती, घाबरणारी नव्हेत. शिवाय रायपूरच्या उन्हात बंद गाडीत अत्तर शिंपडण्याचे परिणाम उलटेच होण्याची भीती अधिक.

सुटण्यापूर्वी आणि वाटेत

कुत्रा गाडीत बसू लागला, याचा अर्थ तो कोठेही बसावा असा नाही. वीस किलो वजनाचा कुत्रा ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीत मोकळा असेल आणि गाडी आदळून थांबली, तर त्याला आणि समोरच्याला बसणारा दणका साधारण दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याएवढा असतो. छातीभोवतीचा रुंद पट्टा आसनाच्या पट्ट्याला अडकवावा. गळपट्ट्याला दोर बांधू नये. चालकाच्या मांडीवर तर त्याला कधीच घेऊ नये. पुढच्या आसनासमोरची हवेची पिशवी माणसाच्या मापाने बनविलेली असते. काचेतून डोके बाहेर काढलेला कुत्रा छायाचित्रात छान दिसतो, पण महामार्गावरील खडी आणि धूळ त्याच्या डोळ्यांत जाते.

सर्वांत मोठा धोका उभ्या गाडीचा आहे. २००५ साली अमेरिकेतील एका अभ्यासात २२ ते ३६ अंश तापमानाच्या दिवसांत बंद मोटारीतील उष्णता मोजण्यात आली. बाहेरचे तापमान काहीही असो, तासाभरात आतला पारा सरासरी २२ अंशांनी चढला आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवल्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो आणि भोवतालची हवाच तापली की ही सोय निकामी होते. देवरी किंवा साकोलीला चहासाठी थांबताना एकाने कुत्र्यासोबत सावलीत उभे राहावे. पाच मिनिटांचा अपवादही करू नये. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भर उन्हाळ्यात न नेणेच बरे. न्यावयाचेच असल्यास पहाटे चारला निघून ऊन चढण्याच्या आत नागपूर गाठावे.

१९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, तसेच प्रवासापूर्वी किमान दोन तास आधी अन्नपाणी देणे या बाबी त्यात आहेत. मळमळणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत जेवणाचे हे अंतर चार-पाच तासांपर्यंत वाढविता येते, पाणी मात्र थोडे थोडे देत राहावे. लसीकरणाची वही सोबत असावी. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि नागपुरातही आहे. अडीअडचणीसाठी दोन्हीकडील दवाखान्यांचे दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वी टिपून ठेवावेत. गळपट्ट्यावर आपला मोबाईल क्रमांक कोरलेला बिल्ला असावा आणि गाडीचे दार उघडण्यापूर्वी पट्टा हातात असल्याची खात्री करावी, कारण घाबरट कुत्री निसटतात ती बहुधा घरापाशी नव्हे, तर वाटेतल्या पहिल्या थांब्यावर.